धुरा सरकवण्यापूर्वी : संगणकाच्या डिस्कचे विभाजन आणि अडलेले अद्ययावतीकरण

प्रतिनिधी

शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले, की तालुक्याच्या गावांतील सेवा केंद्रांसमोर सकाळपासूनच रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर अशा प्रत्येक कागदाचा मार्ग त्या लहानशा खोलीतील एका संगणकातून जातो. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील अशाच एका केंद्रात गेल्या हंगामात घडलेला प्रसंग प्रस्तुत प्रतिनिधीने जवळून पाहिला. संगणकाच्या पडद्यावर अद्ययावतीकरणाची सूचना वारंवार येत होती आणि प्रत्येक वेळी 'जागा अपुरी आहे' असे सांगून प्रक्रिया थांबत होती. 'सी' ड्राइव्ह काठोकाठ भरलेला, तर शेजारच्या 'डी' ड्राइव्हमध्ये शंभराहून अधिक गिगाबाइट जागा रिकामी. केंद्र चालविणाऱ्या तरुणाने 'डी'मधील जागा कमी केली, ती मोकळीही झाली; पण 'सी' वाढविण्याचा पर्याय मात्र फिकटच राहिला. मग त्याने महाजालावरून एक मोफत साधन उतरवून घेतले आणि काम सुरू केले. अर्ध्या तासाने वीज गेली. पुन्हा संगणक सुरू झाला तेव्हा 'डी' ड्राइव्ह 'फॉरमॅट करा' असे सांगू लागला होता. त्यात तीन वर्षांचे स्कॅन केलेले कागद होते आणि शेजारच्या गावातील ग्रामसभेचे तेंदूपत्त्याच्या मजुरीचे हिशेबही होते.

हा प्रसंग अपवादात्मक नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील सेवा केंद्रे, शाळा, सहकारी संस्था आणि ग्रामसभांमध्ये आजही बरेच संगणक सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले आहेत. विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आल्यानंतर अनेकांनी अद्ययावतीकरणाचा मार्ग धरला आणि डिस्कमधील जागेचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. हा प्रश्न नेमका काय आहे, तो कसा सोडवावा आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्षणी हात आवरावा, याचा हा परामर्श.

विभाजन म्हणजे काय?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्या दिवशी जंगलातील एकही झाड जागचे हलले नाही, वैनगंगेचे पात्रही बदलले नाही. बदलली ती फक्त नोंद : कोणते गाव कोणत्या जिल्ह्यात, कोणता कागद कोणत्या कचेरीत. संगणकाच्या डिस्कचे विभाजनही मूलतः असेच आहे. 'सी', 'डी', 'ई' अशी जी वेगवेगळी खोकी पडद्यावर दिसतात, ती बहुतेक वेळा एकाच डिस्कवरील काल्पनिक सीमांनी पाडलेले भाग असतात. डिस्कच्या आरंभी एक छोटा तक्ता असतो. पहिला भाग कुठून कुठपर्यंत, दुसरा कुठून कुठपर्यंत, एवढेच त्यात लिहिलेले असते. हा तक्ता म्हणजे डिस्कचा भूमापन नकाशाच होय.

या तक्त्याचे दोन प्रकार प्रचारात आहेत. जुना प्रकार 'एमबीआर' या नावाने ओळखला जातो. तो १९८३ सालच्या डॉस प्रणालीपासून चालत आला असून, त्यात मुख्य विभाग चारच पाडता येतात आणि साधारणपणे दोन टेराबाइटच्या पुढील जागा त्याला मोजता येत नाही. चारांपेक्षा अधिक भाग हवे असल्यास एका मुख्य विभागाला 'विस्तारित' ठरवून त्याच्या पोटात आणखी भाग पाडावे लागतात. नवा प्रकार 'जीपीटी'. विंडोजमध्ये त्यात १२८ विभागांची सोय असते आणि तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही जपून ठेवलेली असते. ज्यांचे संगणक २०१२-१३ च्या आधी जुळवलेले आहेत, त्यांच्याकडे बहुधा एमबीआर आढळेल.

पण तक्ता ही अर्धीच गोष्ट झाली. प्रत्येक विभागाच्या आत आणखी एक स्वतंत्र व्यवस्था असते, तिला 'फाइल सिस्टीम' म्हणतात. कोणती फाइल विभागातील कोणकोणत्या ठिकाणी ठेवली आहे, कोणती जागा मोकळी आहे, याची नोंद ही व्यवस्था ठेवते. तक्ता हा शेताचा धुरा सांगतो, तर फाइल सिस्टीम ही त्या शेतातील धानाच्या कोणत्या बांधीत काय पेरले आहे, याची वही असते. आकारबदल करताना या दोन्ही नोंदी बदलाव्या लागतात आणि त्यांचा क्रम चुकला, की घात होतो.

क्रम महत्त्वाचा का?

विभाग लहान करायचा असेल, तर आधी आतील माल हलवावा लागतो. विभागाच्या शेवटच्या टोकाकडे असलेल्या फाइली पुढच्या मोकळ्या जागेत आणायच्या, मग फाइल सिस्टीमच्या वहीत 'आता माझी हद्द इथपर्यंतच' असे लिहायचे आणि सर्वांत शेवटी तक्त्यातील सीमा आत घ्यायची. विभाग मोठा करताना क्रम उलटा असतो : आधी सीमा बाहेर न्यायची आणि नंतर आतील वहीला वाढलेल्या क्षेत्राची नोंद घ्यायला लावायची. उभे पीक काढण्याआधीच धुरा आत सरकवला, तर बाहेर राहिलेले पीक कोणाचेच राहत नाही. डिस्कवर अगदी हेच होते. फाइल जागेवर असते, पण तिच्याकडे जाणारी वाट नाहीशी झालेली असते.

विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट' हे साधन हा क्रम स्वतःच सांभाळते. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून त्यात 'श्रिंक व्हॉल्यूम' आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हे दोन पर्याय उपलब्ध झाले. त्यापूर्वी या कामासाठी 'पार्टिशन मॅजिक'सारखी विकतची साधने वापरावी लागत. लिनक्सच्या जगात २००४ पासून 'जीपार्टेड' हे मुक्त साधन उपलब्ध आहे आणि ते आजही सर्वाधिक विश्वासाचे मानले जाते.

'सी' का वाढत नाही?

सेवा केंद्रातील त्या तरुणाची जी फसगत झाली, तिचे मूळ एका साध्या नियमात आहे. विंडोजच्या स्वतःच्या साधनाने एखादा विभाग वाढवायचा असेल, तर मोकळी जागा त्याला लागून आणि त्याच्या उजव्या बाजूलाच असावी लागते. डिस्कवरील भाग डावीकडून उजवीकडे ओळीने मांडलेले असतात : आधी 'सी', नंतर 'डी'. आपण 'डी' लहान करतो तेव्हा त्याचे उजवे टोक आत येते आणि मोकळी जागा 'डी'च्या पलीकडे तयार होते. 'सी' आणि ती जागा यांच्या मध्ये अख्खा 'डी' तसाच उभा असतो. आपल्या शेताला लागून असलेले शेत सोडून त्याच्या पलीकडची जमीन विकत घेतली, तर दोन तुकड्यांचा एक सलग बांध होऊ शकत नाही, तसेच हे आहे. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसण्याचे कारण हेच. संगणक बिघडलेला नसतो. तो योग्य तेच सांगत असतो.

यात आणखी एक गुंता असतो. अनेक संगणकांत 'सी' आणि 'डी' यांच्या मध्ये ४५० मेगाबाइट ते एक गिगाबाइटचा एक लहानसा निनावी विभाग दडलेला असतो. त्याला ड्राइव्हचे अक्षर नसल्याने तो एरवी दिसत नाही, मात्र डिस्क मॅनेजमेंटच्या पट्टीत दिसतो. हा 'रिकव्हरी' विभाग होय. विंडोज सुरू होईनासे झाले, तर दुरुस्तीची साधने याच भागातून चालतात. मोकळी जागा 'डी'च्या डाव्या बाजूला निर्माण करूनही मधला हा विभाग आड येतो.

जुन्या एमबीआर डिस्कवर तिसराही अडथळा संभवतो. 'डी' हा विस्तारित विभागाच्या पोटातील असेल, तर तो पुसल्यावर मोकळी होणारी जागाही त्या विस्तारित विभागाच्या आतच राहते. 'सी' मात्र बाहेर असतो. विस्तारित विभागच काढून टाकल्याशिवाय ती जागा 'सी'ला मिळत नाही आणि तो काढला, की त्याच्या पोटातील 'ई', 'एफ' हेही जातात.

जानेवारी २०२४ चा धडा

हा केवळ पुस्तकी प्रश्न नाही, हे ९ जानेवारी २०२४ रोजी जगभर दिसून आले. मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी विंडोज १० साठी 'केबी ५०३४४४१' या क्रमांकाचे सुरक्षा अद्ययावतीकरण प्रसृत केले. संगणक हाताशी असलेल्या व्यक्तीला रिकव्हरी साधनांचा गैरफायदा घेऊन 'बिटलॉकर'चे कुलूप चुकवता येईल, अशी एक त्रुटी त्यातून बुजवायची होती. त्यासाठी रिकव्हरी विभागात २५० मेगाबाइट जागा मोकळी असणे आवश्यक होते. असंख्य संगणकांत तो विभागच जेमतेम पाचशे मेगाबाइटचा होता आणि बहुतांश भरलेला होता. परिणामी, अद्ययावतीकरण पुनःपुन्हा अयशस्वी होऊ लागले. पडद्यावर 'शून्य एक्स ८००७०६४३' हा संकेतांक येत होता, पण जागा कमी आहे असे कुठेही स्पष्ट म्हटलेले नव्हते.

कंपनीने पुढे जी हस्तलिखित कृती सुचविली, ती आकारबदलाचा उत्तम नमुना आहे. प्रथम 'रीएजंटसी' या आज्ञेने रिकव्हरी व्यवस्था तात्पुरती बंद करायची. असे केल्यावर तिची मूळ फाइल 'सी' ड्राइव्हवर परत येते. मग 'डिस्कपार्ट' या साधनाने 'सी' २५० मेगाबाइटने लहान करायचा, जुना रिकव्हरी विभाग पुसायचा, मिळालेल्या अधिक जागेवर तो नव्याने निर्माण करायचा, त्याला योग्य ओळख-क्रमांक द्यायचा आणि शेवटी 'रीएजंटसी'ने व्यवस्था पुन्हा सुरू करायची. यात पहिली पायरी विसरून थेट विभाग पुसला, तर दुरुस्तीची साधनेच गमावली जातात. डिस्कपार्टमध्ये चुकीचा विभाग निवडून पुसण्याची आज्ञा दिली, तर 'नक्की का?' असे विचारणारे कोणी नसते.

ही कृती सोपी ठरते, याचे कारण रिकव्हरी विभाग 'सी'च्या लगेच उजवीकडे असतो. २०२० पूर्वी नव्याने बसविलेल्या विंडोज १० मध्ये मात्र तो बहुधा डिस्कच्या आरंभी, 'सी'च्या डावीकडे ठेवला जाई आणि तिथे तो वाढविणे शक्य होत नाही. अशा वेळी 'सी'च्या उजवीकडे नवा रिकव्हरी विभाग करणे हाच मार्ग उरतो.

आधी पाहावे : गरज खरोखर आहे का?

सीमा सरकविणे हा अखेरचा उपाय समजावा. बहुतेक वेळा 'सी' ड्राइव्ह साफ केल्यानेच काम भागते. 'डिस्क क्लीनअप'मधील 'सिस्टीम फाइल्स' हा पर्याय निवडल्यास जुन्या अद्ययावतीकरणांचे अवशेष आणि 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा मागील प्रणालीचा संग्रह काढता येतो. हा एकच संग्रह कित्येक गिगाबाइटचा असतो. संगणकाच्या 'हायबरनेशन'साठी राखून ठेवलेली फाइलही मोठी असते. ज्यांना ही सोय नको, त्यांना 'पॉवरसीएफजी' आज्ञेने ती बंद करता येते. 'डाउनलोड्स' आणि 'डेस्कटॉप' हे दोन्ही मूलतः 'सी'वरच असतात, ही बाब अनेकांच्या लक्षात नसते. दाखल्यांच्या पीडीएफ प्रती, छायाचित्रे, स्कॅन केलेले कागद डेस्कटॉपवर साठविण्याची सवयच बहुतेक केंद्रांत 'सी' भरण्याचे मूळ असते. या फोल्डरांचे स्थान त्यांच्या गुणधर्मांतील 'लोकेशन' या पानावरून 'डी'वर नेता येते. त्यात कोणतीही सीमा हलत नाही आणि धोकाही नगण्य असतो.

दुसरे, ज्या प्रणालीसाठी जागा करायची, ती त्या संगणकावर चालणार आहे का, हे आधीच पाहावे. विंडोज ११ ला ६४ गिगाबाइटची डिस्क, ४ गिगाबाइट स्मृती, 'टीपीएम २.०' ही सुरक्षा व्यवस्था आणि 'यूईएफआय' पद्धतीचे आरंभक लागते. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच मान्य केले जातात. मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक' या मोफत साधनाने हे दोन मिनिटांत कळते. संगणक अपात्र असेल, तर दिवसभर डिस्कशी झटापट करण्यात अर्थ नाही.

संगणक पात्र आहे, पण डिस्क एमबीआर पद्धतीची आहे, अशी स्थिती असल्यास विंडोजमधील 'एमबीआर टू जीपीटी' हे साधन माहिती न पुसता तक्ता बदलून देते. मात्र त्याची अट अशी, की डिस्कवर जास्तीत जास्त तीन मुख्य विभाग असावेत आणि विस्तारित विभाग मुळीच नसावा. दुकानातून जुळवून आणलेल्या आणि 'सी', 'डी', 'ई', 'एफ' अशा चार-पाच भागांत वाटलेल्या संगणकावर हे साधन काम करण्यास नकार देते, ते यामुळेच. तक्ता बदलल्यावर संगणकाच्या आरंभक व्यवस्थेतही यूईएफआय पद्धत निवडावी लागते, अन्यथा विंडोज सुरूच होत नाही.

तीन मार्ग

सीमा बदलण्यावाचून गत्यंतर नसेल, तर व्यवहारात तीन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग सर्वांत साधा : 'डी'मधील सर्व माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी, ती उघडून खात्री करावी, मग 'डी' पुसावा, 'सी' हवा तेवढा वाढवावा आणि उरलेल्या जागेत 'डी' नव्याने तयार करून माहिती परत आणावी. मध्ये रिकव्हरी विभाग आड येत असेल, तर वर सांगितलेल्या क्रमाने तो आधी हटवून नंतर पुन्हा करावा लागतो. यात वेळ जातो, परंतु सीमा सरकताना धोक्यात येणारी माहिती आधीच दुसरीकडे सुरक्षित असते.

दुसरा मार्ग म्हणजे जीपार्टेडसारख्या साधनाने 'डी' हा संपूर्ण विभागच उजवीकडे सरकवणे. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून हे काम केले जाते. यात नुसती नोंद बदलत नाही, तर विभागातील माहितीचा प्रत्येक अंश वाचून नव्या ठिकाणी लिहिला जातो. जुन्या फिरत्या डिस्कवर हे काम सेकंदाला ४० मेगाबाइट या गतीने चालले असे धरले, तर २०० गिगाबाइटला सुमारे दीड तास लागतो. प्रत्यक्षात तो अनेकदा याहूनही अधिक असतो. या काळात वीज गेली, तर अर्धी माहिती जुन्या जागी आणि अर्धी नव्या जागी अशी अवस्था होते. सेवा केंद्रातील त्या तरुणाच्या बाबतीत नेमके हेच घडले. सामान्य यूपीएस डेस्कटॉप संगणकाला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे तग धरू देतो. ती मुदत काम जतन करून संगणक बंद करण्यापुरती असते, विभाग सरकविण्यापुरती नसते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो, एटापल्ली-सिरोंचाकडे वादळाने तारा तुटल्या, की वीज केव्हा येईल याचा भरवसा नसतो. अशा प्रदेशात हा मार्ग डेस्कटॉपवर अवलंबू नये. चांगली बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर, चार्जर जोडून आणि माहितीची प्रत बाहेर ठेवूनच त्याचा विचार करावा.

तिसरा मार्ग बहुतेकांना सुचत नाही, पण अनेकदा तोच किफायतशीर ठरतो : नवी, मोठी एसएसडी डिस्क घेऊन जुन्या डिस्कची तिच्यावर प्रतिकृती करणे. प्रतिकृती करतानाच विभागांचे आकार बदलता येतात. जुनी डिस्क केवळ वाचली जाते, तिच्यावर काहीही लिहिले जात नाही. वीज गेली, साधन अडले, हात चुकला, तरी जुनी डिस्क परत जोडली, की संगणक काल होता तसा सुरू होतो. शिवाय फिरती डिस्क जाऊन एसएसडी आल्याने जुना संगणकही लक्षणीय चपळ होतो. प्रतिकृती करताना मूळ डिस्क कोणती आणि लक्ष्य डिस्क कोणती, ही निवड मात्र दोनदा तपासावी. उलट निवड झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते.

कुलूप आणि झोप

आकारबदलापूर्वी दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली म्हणजे बिटलॉकरचे कुलूप. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. विभागांत किंवा आरंभक व्यवस्थेत बदल झाल्यावर संगणक ४८ आकडी किल्ली मागू शकतो. ती हाताशी नसेल, तर माहिती डिस्कवर असूनही हाती लागत नाही. म्हणून ही किल्ली आधी कागदावर लिहून घ्यावी, जपून ठेवावी आणि काम सुरू करण्यापूर्वी कुलूप तात्पुरते स्थगित करावे.

दुसरी म्हणजे विंडोजची अर्धवट झोप. 'फास्ट स्टार्टअप' सुरू असेल, तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही. काही स्थिती डिस्कवर जपून ठेवून ते झोपी जाते. अशा स्थितीत बाहेरच्या साधनाने त्या विभागाला हात लावणे धोक्याचे असते. जीपार्टेड बहुतेक वेळा अशा विभागावर काम करण्यास नकार देते, तेव्हा चिडून दुसरे साधन शोधू नये. ही सोय बंद करून संगणक पूर्ण बंद करावा आणि मग पुन्हा प्रयत्न करावा.

याशिवाय, डिस्क मॅनेजमेंट क्वचित 'डिस्क डायनॅमिक प्रकारात बदलावी का?' असे विचारते. या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर द्यावे. डायनॅमिक झालेल्या डिस्कवर नवी प्रणाली बसविणे अवघड होते आणि माहिती न पुसता तिला मूळ रूपात आणण्याची सोय विंडोजच्या साधनात नाही. 'सी' लहान करतानाही कधी अनुभव येतो, की शंभर गिगाबाइट मोकळी असूनही पाचच गिगाबाइट कमी करता येतील असे सांगितले जाते. पेज फाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टीम रिस्टोअरच्या प्रती अशा न हलणाऱ्या फाइली मध्येच बसलेल्या असतात, हे त्याचे कारण. त्या सोयी तात्पुरत्या बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून पाहिल्यास हा आकडा बहुधा वाढतो.

लिनक्सचा पर्याय

ज्यांचे संगणक विंडोज ११ साठी अपात्र आहेत, त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १० च्या विस्तारित सुरक्षा आधाराची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ठरविली, ही एक तात्पुरती वाट. दुसरी वाट लिनक्सची. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने २००७ साली 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली सादर केली. त्यात मराठीचीही सोय आहे. उबुंटूसारख्या प्रणालीही मोफत मिळतात आणि मराठी चांगल्या प्रकारे हाताळतात. उबुंटूला साधारण २५ गिगाबाइट जागा पुरते. विंडोज कायम ठेवून शेजारी लिनक्स बसवायचे असेल, तर जागा विंडोजमधूनच, त्याच्या स्वतःच्या साधनाने मोकळी करावी. ती जागा कोरी ठेवावी आणि लिनक्स बसविताना तीच निवडावी. शाळेच्या संगणक कक्षासाठी हा पर्याय विचार करण्याजोगा आहे. सेवा केंद्राच्या चालकांनी मात्र आपले बोटांचे ठसे घेणारे यंत्र, स्वाक्षरीचे टोकन आणि स्कॅनर लिनक्सवर चालतात की नाही, हे आधी तपासूनच निर्णय घ्यावा.

लिनक्समध्येही अद्ययावतीकरण जागेअभावी अडते. तेथे बहुधा 'बूट' नावाचा छोटा विभाग जुन्या कर्नलच्या प्रतींनी भरलेला असतो. निरुपयोगी प्रती काढण्याची आज्ञा दिली, की जागा मोकळी होते. सीमा सरकविण्याची वेळ क्वचितच येते.

हिशेब कोणाचा, जोखीम कोणाची?

गडचिरोली जिल्ह्याच्या सुमारे तीन चतुर्थांश भूभागावर जंगल आहे आणि या जंगलावरील गावांचा हक्क आता कागदोपत्री मान्य झाला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि देशात त्याचा आदर्श झाला. त्यानंतर अनेक ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. कोणत्या कुटुंबाने किती पुडे तोडले, कोणाची किती मजुरी झाली, बोनस किती, जंगलाची हद्द कुठून कुठे जाते, याचे तक्ते आणि नकाशे आज कोणत्या ना कोणत्या संगणकाच्या 'डी' ड्राइव्हमध्ये असतात. वहीत लिहिलेला हिशेब वाळवीने खाल्ला, तर निदान दिसतो. डिस्कवरील हिशेब एका चुकीच्या टिचकीने असा जातो, की मागे रिकाम्या खोक्याशिवाय काही उरत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणापासून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर आहे. माहिती परत मिळवून देणारे तज्ज्ञ त्याहून दूर नागपुरात शोधावे लागतात आणि त्यांचे शुल्क ग्रामसभेला परवडेलच असे नाही.

म्हणून एक नियम प्रत्येक केंद्रचालकाने, शिक्षकाने आणि ग्रामसभेच्या सचिवाने भिंतीवर लिहून ठेवावा : ज्या माहितीची दुसरी प्रत नाही, त्या डिस्कच्या सीमेला हात लावायचा नाही. प्रत म्हणजे त्याच संगणकातील दुसऱ्या ड्राइव्हवरील प्रत नव्हे. डिस्क एकच असेल, तर 'डी'वरून 'ई'वर ठेवलेली प्रत म्हणजे एकाच घराच्या दोन खोल्यांत ठेवलेले धान्य, आग लागली तर दोन्ही जातात. प्रत वेगळ्या उपकरणावर असावी आणि ती उघडून पाहिलेली असावी.

काही आज्ञा देण्यापूर्वी डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे मूळ सीमा कुठे होत्या याची नोंद राहते. आणि काही बिघडलेच, 'फॉरमॅट करा' असा संदेश आलाच, तर त्या सूचनेला कदापि होकार देऊ नये. संगणक बंद करावा, त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये आणि जाणकाराकडे न्यावा. सीमा चुकली म्हणजे माहिती नष्ट झालीच असे नाही. तक्ता हरवला, तरी आतील वही शाबूत असल्यास 'टेस्टडिस्क'सारख्या साधनांनी पूर्वीच्या सीमा पुष्कळदा शोधता येतात. त्यावर नवे लिखाण झाले, की मात्र आशा मावळत जाते.

त्या सेवा केंद्रातील तरुणाची माहिती काही अंशी परत मिळाली. एक विभाग पूर्णपणे सरकून गेल्यावर नव्हे, तर सरकण्याच्या मध्यावर वीज गेली असल्याने तेंदूच्या दोन हंगामांचे तक्ते सापडले, तिसऱ्याचे सापडले नाहीत. ते हिशेब गावकऱ्यांकडील पावत्यांवरून पुन्हा लिहून काढावे लागले आणि त्यात दोन आठवडे गेले. आता त्या केंद्रात टेबलाच्या खणात एक बाहेरची डिस्क असते आणि दर शनिवारी तिच्यावर प्रत उतरविली जाते. 'सी' ड्राइव्हचे अद्ययावतीकरणही पुढे सुरळीत पार पडले. त्यासाठी 'डी'ला हात लावावा लागलाच नाही. जुन्या प्रणालीचा संग्रह आणि डेस्कटॉपवरील कागद हलविल्याने पंचवीस गिगाबाइट जागा मोकळी झाली होती.